स्पूल मशीनला आधी सिरीज बल्ब, टेप नंतर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या स्पूल टेप रेकॉर्डरांना सध्या पुन्हा मागणी आली आहे. मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात आणि संस्थांच्या भंगार लिलावांत ही यंत्रं हौसेनं घेतली जातात. हौसेबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती घरी आणल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांबद्दल. यंत्र पुसलं, पिन सॉकेटमध्ये घातली, बटण दाबलं आणि घरात जपून ठेवलेलं गाण्याच्या बैठकीचं एकुलतं एक स्पूल वर चढवलं, असा बहुतेकांचा क्रम असतो. वीस-तीस वर्षं बंद असलेलं यंत्र आणि साठ वर्षांची टेप या दोघांचंही सर्वांत जास्त नुकसान नेमकं इथेच होतं. क्रम उलटा हवा, आणि तो कसा, हे सविस्तर सांगण्यासाठी हे पत्र.

आपल्याकडे हाती लागणारी यंत्रं साधारण दोन जातींची. एक अस्सल स्टुडिओची: स्वित्झर्लंडच्या स्टुडरची ए८० किंवा बी६७, जर्मन टेलिफुंकन एम१५, अमेरिकन अ‍ॅम्पेक्स ३५१. दुसरी, स्टुडिओ आणि घर यांच्या सीमेवरची: स्टुडरच्याच घराण्यातली रिव्हॉक्स ए७७ (१९६७) आणि बी७७ (१९७७). पहिल्यांदाच हात घालणाऱ्यानं रिव्हॉक्स घ्यावी. माहितीपुस्तिका आणि सुटे भाग मिळतात, आणि दोन माणसं न बोलावता ती टेबलावर उचलून ठेवता येते. स्टुडर ए८० च्या बाबतीत यातली शेवटची गोष्ट सोडून द्यावी.

विकत घेतानाच मागची पाटी वाचा. ११७ व्होल्ट लिहिलं असेल तर ट्रान्सफॉर्मर लागेल, हे सगळ्यांना कळतं. ६० हर्ट्झकडे मात्र कुणी बघत नाही. अ‍ॅम्पेक्स ३५१ सारख्या यंत्रात कॅपस्टन, म्हणजे टेप ओढणारा दांडा, फिरवणारी मोटर सिंक्रोनस असते, म्हणजे तिचा वेग विजेच्या वारंवारितेला बांधलेला असतो. आपल्या ५० हर्ट्झवर ती सहाऐवजी पाच फेऱ्या मारते. काळी दोनचा गवई पांढरी एकच्याही जरा खाली उतरतो आणि लय जड होते. व्होल्टेज बदलून हे सुटत नाही. ५० हर्ट्झची मोटर वा कप्पी, नाहीतर वारंवारिता बदलणारा वीजपुरवठा लागतो. रिव्हॉक्स ए७७, बी७७ किंवा स्टुडर ए८० यांत कॅपस्टनचा वेग इलेक्ट्रॉनिक कार्ड सांभाळतं, त्यामुळे तिथे ही अडचण नाही. फक्त व्होल्टेज सिलेक्टर २४० वर करावा. २२० वर ठेवू नये, कारण आपल्याकडे रात्री उशिरा दाब सहज २४५ पर्यंत चढतो.

आता वीज देण्याबद्दल. मागचं झाकण काढा, मऊ ब्रशनं धूळ झाडा, फ्यूज पुस्तिकेत दिलेल्या अ‍ॅम्पिअरचाच आहे ना ते बघा. (आतल्या जुन्या फ्यूजऐवजी तांब्याची तार गुंडाळलेली आढळली, तर आधीच्या मालकाच्या बाकीच्या कर्तबगारीचाही शोध घ्यावा.) अर्थिंगची तार धातूच्या सांगाड्याला जोडलेली आहे, हे मल्टिमीटरनं तपासा. मग वायरमन वापरतात तसा सिरीज बोर्ड, म्हणजे यंत्राची वीज बल्बमधून जाईल असा, घ्या, त्यात १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब लावा. एलईडी चालणार नाही. यंत्र चालू केल्यावर बल्ब क्षणभर पेटून मंद झाला, तर ठीक. मोटर सुरू होताना तो पुन्हा जरा उजळेल, तेही ठीक. पण भगभगीत पेटून तसाच राहिला, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. बंद करा आणि शोधा. डिमरस्टॅट असला तरी बल्ब हवाच. डिमरस्टॅट दाब कमी करतो, दोष दाखवत नाही.

मात्र त्याआधीच एक भाग बदलून टाकलेला बरा. मुख्य विजेच्या बाजूला आणि स्विचच्या आड पारदर्शक पिवळसर आवरणातले चौकोनी कंडेन्सर असतात, रिफा कंपनीचे. आत धातूचा थर दिलेला कागद असतो. आवरणाला बारीक चिरा पडतात, त्यातून दमट हवा आत शिरते, आणि एके दिवशी यंत्र मजेत चालू असताना फट्‌ आवाज होऊन खोली घाण वासाच्या धुरानं भरते. मुंबई-कोकणच्या हवेत हे व्हायला वेळ लागत नाही. त्याच मूल्याचा, 'एक्स२' वर्गाचा, २७५ व्होल्ट एसी किंवा त्याहून जास्त क्षमतेचा नवा बसवावा. काही ठिकाणी कंडेन्सरच्या आतच रेझिस्टरही असतो. तसं असेल तर दोन्ही मिळून बदलावं लागतं.

इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर वाळतात. ए७७ मधले सोनेरी रंगाचे फ्राकोचे कंडेन्सर यात कुप्रसिद्ध आहेत. वेग सांभाळणाऱ्या कार्डवरचा एखादा गेला की कॅपस्टन वेग धरत नाही, कधी पूर्ण वेगानं सुटतो. लोक मोटर जळाली समजून मोटरच शोधत फिरतात. बी७७ मध्ये कंडेन्सरांइतकाच त्रास उघड्या ट्रिमरांचा, म्हणजे स्क्रूड्रायव्हरनं फिरवायच्या प्रीसेटांचा. त्यांचा सरकता संपर्क गंजतो आणि एक बाजू खरखरत येत-जात राहते. फिरवून साफ केलं तरी ते महिन्याभरात पुन्हा बिघडतात. बंद प्रकारचे नवे घालणंच खरं. मोटरच्या कंडेन्सरला ४०० व्होल्ट एसीच्या वरची क्षमता लागते. मूल्य जुळत असेल तर आपल्या छताच्या पंख्याचा ४४० व्होल्टचा कंडेन्सर विजेच्या दृष्टीनं चालतो. तो घट्ट बसवावा आणि टोकं झाकावीत, एवढंच.

सगळे कंडेन्सर एका बैठकीत बदलू नका. एक कार्ड काढा, फोटो घ्या, बदला, परत लावा, यंत्र चालवून मोजा, मग पुढचं. नाहीतर एक उलटा बसलेला कंडेन्सर पाच कार्डांत शोधत बसावं लागतं. कार्डाचे सोनेरी पाय खोडरबरानं घासण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे; त्यानं मुलामा जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड पुरतं. बाजारात नव्या छपाईचे, आतून जुनेच कंडेन्सर सर्रास मिळतात, म्हणून लावण्यापूर्वी प्रत्येकाची क्षमता आणि ईएसआर (अंतर्गत रोध) मोजावा.

ए७७ बाबत एक खास सूचना. मागच्या रिमोट सॉकेटमध्ये एक बुटका प्लग असतो. रिमोट नसेल तेव्हा तोच आतल्या जोडण्या पुऱ्या करतो. तो हरवलेला असेल तर बटणं दाबून यंत्र हलत नाही, आणि चांगलं यंत्र 'डेड' म्हणून किलोवर विकलं जातं.

वीज सुरळीत झाली तरी टेप अजून दूरच ठेवा. पिंच रोलर, म्हणजे टेप कॅपस्टनवर दाबणारं चाक, त्याचं रबर बघा: काचेसारखं चकचकीत आणि टणक झालं असेल तर टेप घसरते, चिकट झालं असेल तर टेप त्याला गुंडाळली जाते. दोन्हींवर इलाज एकच, नवा रोलर. कॅपस्टनच्या बेअरिंगला पुस्तिकेत सांगितलेलं सिंथेटिक तेल, दोन-तीन थेंब. जास्त ओतलं तर ते दांड्यावरून वर चढतं, रोलरवर पसरतं, आणि मग सूर हलू लागतो.

ब्रेककडे सर्वांत कमी लक्ष जातं, आणि टेप तुटते ती तिथेच. रिव्हॉक्स-स्टुडरमध्ये वीज असताना सोलेनॉइड (विजेवर चालणारा चुंबक) ब्रेक सोडून धरतो. वीज गेली की पट्ट्या आपोआप आवळल्या जातात. म्हणजे भरधाव रिवाइंड चालू असताना लोडशेडिंग झालं, तर टेप वाचवणं सर्वस्वी या दोन पट्ट्यांच्या हाती. ज्या स्पूलवरून टेप सुटते आहे त्याचा ब्रेक, टेप गोळा करणाऱ्या स्पूलपेक्षा जास्त घट्ट लागायला हवा, साधारण दुप्पट. उलट झालं तर मध्ये टेपचा फास तयार होतो आणि पुढच्या झटक्याला ती ताणली जाते किंवा तुटते. पट्टीवर तेलाचा डाग असेल तर ब्रेक घसरतो. जुना चिकट थर साचला असेल तर तो अचानक पकडतो. पट्टी आणि ड्रम अल्कोहोलनं पुसून, स्प्रिंगच्या काट्यानं दोन्ही दिशांना मोजून घ्यावं. मग रिकाम्या, टाकाऊ टेपवर रिवाइंड चालू असताना मुद्दाम प्लग उपटून बघावं. पाच वेळा फास पडला नाही, तर ब्रेक ठीक.

हेड, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणारा-लिहिणारा भाग, साफ करायला ९९ टक्के आयसोप्रोपिल आणि कापसाची काडी. दुकानातलं सत्तर टक्क्यांचं नको, त्यात पाणी असतं. हेडवर टेपनं घासून पडलेला सपाट पट्टा दिसतो. त्याच्या कडांना नखाला लागेल अशी पायरी जाणवली, तर हेड झिजलं आहे. टेप जरा बाजूला सरकली की त्या पायरीवर चढते आणि वरचे सूर येतात-जातात. असं हेड जाणकाराकडून घासून समतल करून घेता येतं, जोवर हेडची बारीक चुंबकी फट उघडी पडलेली नाही तोवर.

हेड डिमॅग्नेटाइझ करताना, म्हणजे त्यात साचलेलं चुंबकत्व काढताना, यंत्र बंद, आणि कुठलीही टेप खोलीच्या दुसऱ्या टोकाला. डिमॅग्नेटायझर हातभर लांब धरूनच चालू करायचा, सावकाश जवळ आणायचा, हेड, गाइड, कॅपस्टन यांवरून हळूहळू फिरवायचा, तितक्याच सावकाश मीटरभर लांब न्यायचा आणि मगच बंद करायचा. हेडजवळ असताना बटण सुटलं, तर काढायला गेलो तेच चुंबकत्व दुपटीनं बसतं. मग सगळं पहिल्यापासून.

यानंतर जुळवणी. त्यासाठी प्रमाणित चाचणी टेप लागते. ती महाग असते आणि तिला पर्याय नाही. 'कानानं जुळवलं' असं सांगणाऱ्या दुरुस्तीवाल्यानं यंत्र स्वतःच्या कानाला जुळवलेलं असतं. टेप चढवण्यापूर्वी रेकॉर्डची बटणं निकामी करा. आधी अझिमथ, म्हणजे हेडची फट टेपच्या प्रवासाला अचूक काटकोनात आणणं. दोन्ही चॅनेल ऑसिलोस्कोपला एक्स-वाय पद्धतीनं जोडा. सुरुवात १ किलोहर्ट्झला करा, तिथे तिरकी सरळ रेष मिळाली की १० किलोहर्ट्झला बारीक फिरवा. थेट १० किलोहर्ट्झवर गेलात तर खोट्या शिखरावर अडकता: रेष सरळ दिसते, पण हेड पूर्ण एक लाट चुकलेलं असतं.

त्यानंतर पातळी. चाचणी टेपवर तिच्या चुंबकत्वाची पातळी, २५० नॅनोवेबर प्रति मीटर, लिहिलेली असते, युरोपी पद्धतीत बऱ्याचदा ३२०. दोहोंत सुमारे २.१ डेसिबलचा फरक आहे, तो हिशेबात धरा. मग वरचे सूर. खालच्या सुरांना मात्र या टेपवरून हात लावू नका. चाचणी टेप पूर्ण रुंदीवर भरलेली असते आणि तुमचं हेड दोन ट्रॅकचं, म्हणजे टेपच्या रुंदीचे दोन पट्टे वाचणारं. खालच्या वारंवारितेत शेजारचं चुंबकत्वही हेड उचलतं आणि आकडा खोटा फुगतो. प्लेबॅक पूर्ण झाल्याशिवाय रेकॉर्डच्या बायसला (भरताना आवाजाबरोबर दिला जाणारा वरच्या वारंवारितेचा प्रवाह) हात नाही, आणि बायस नेमका ज्या टेपवर भरायचं आहे तिलाच जुळवायचा. फ्रान्सच्या अव्‌रांश इथे रेकॉर्डिंग द मास्टर्सची आणि अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एटीआर मॅग्नेटिक्सची नवी टेप आजही तयार होते. साडेदहा इंची स्पूलवर २,५०० फूट टेप बसते. सेकंदाला ३८ सेंमी या वेगाला ती जेमतेम ३३ मिनिटं पुरते. हौस कितीला पडते, ते यावरून ओळखावं.

इक्वलायझेशनचा, म्हणजे खर्ज आणि वरचे सूर यांचा समतोल साधणारा, स्विच अनेकांना शोभेचा वाटतो. तो नॅब (अमेरिकी) आणि आयईसी (युरोपी) अशा दोन पद्धतींत बदलतो. ३८ सेंमीला नॅबची टेप आयईसीवर वाजवली, तर वरचे सूर सुमारे ३ डेसिबलनं दबतात आणि खर्ज फुगतो. १९ सेंमीला खर्ज तसाच फुगतो, पण वरचे सूर उलट तेवढेच टोचू लागतात. डब्यावर काही लिहिलेलं नसेल तर दोन्ही लावून ऐका, आणि कोणता निवडला ते नोंदवून ठेवा.

आता घरची स्पूलं. महाराष्ट्रात बैठकींची खासगी ध्वनिमुद्रणं फार आहेत, आणि ती स्टुडिओच्या यंत्रावर नव्हे, तर ग्रुंडिग, फिलिप्स, आकाई, ऊहर अशा घरगुती यंत्रांवर झालेली आहेत. इथे दोन अडचणी येतात. पहिली वेगाची: टेप वाचवण्यासाठी ती ९.५ किंवा ४.७५ सेंमीवर भरलेली असतात आणि स्टुडर ए८० वर हे वेग सहसा नसतात. बी६७ वर ९.५ आहे. दुप्पट वेगानं वाजवून संगणकात निम्मा करता येतो, पण इक्वलायझेशन चुकतं आणि ते वेगळं दुरुस्त करावं लागतं. दुसरी अडचण ट्रॅकची. मोनो घरगुती यंत्र टेपच्या वरच्या अर्ध्यावर भरतं, मग स्पूल उलटून उरलेल्या अर्ध्यावर. अशी टेप दोन ट्रॅकच्या यंत्रावर लावली की डावीकडे ख्याल नीट ऐकू येतो आणि उजवीकडे दुसरी बाजू उलटी वाजत असते. घाबरू नका, हा फायदाच आहे: दोन्ही चॅनेल एकाच फेरीत संगणकात घ्या आणि उजवा तिथे उलटा करा. नाजूक टेपची एक फेरी वाचते. चार ट्रॅकवर भरलेली टेप मात्र दोन ट्रॅकच्या हेडवर लावून उपयोग नाही. दोन्ही बाजूंचा काला होतो. बी७७ दोन्ही प्रकारांत मिळते, म्हणून घेतानाच हेड कोणतं ते विचारा. संगणकात घेताना किमान ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, शक्यतो ९६. आवाज साफ करायची घाई नको, आधी आहे तसं साठवा.

टेप लावण्यापूर्वी स्पूल उजेडासमोर धरा. गुंडाळीतून उजेड आरपार दिसला, तर ती अ‍ॅसिटेटची. ती ठिसूळ असते, तुटली तर स्वच्छ तुटते आणि नीट जोडता येते. व्हिनेगरचा वास येत असेल तर ती सडू लागली आहे. बाकीच्या टेपांपासून वेगळी ठेवा आणि सर्वांत आधी तिचीच नक्कल करा. उजेड आरपार गेला नाही तर बहुधा पॉलिएस्टर: ती तुटण्याआधी ताणली जाते, आणि ताणलेला तुकडा कायमचा गेला.

वाजवताना टेप किंचाळते, अडखळते, हेडवर तपकिरी राळ साचते, तर ताबडतोब थांबा. अ‍ॅम्पेक्स ४०६, ४०७, ४५६ आणि स्कॉच २२६, २२७ या स्टुडिओ टेपांत चुंबकी पूड धरून ठेवणारा थर हवेतलं पाणी शोषून चिकट होतो. अशा टेपला ५४ अंश सेल्सिअसला आठ तास कोरडी उष्णता देतात, मध्ये एकदा पालथी करतात आणि तितकाच वेळ खोलीत निवू देतात. त्यासाठी तापमान स्थिर राखणारा फळं वाळवण्याचा डिहायड्रेटर चालतो, आत वेगळा थर्मामीटर ठेवून. घरातला केकचा ओव्हन चालत नाही, त्याचं तापमान वीस-वीस अंश वरखाली होतं. मायक्रोवेव्हचं तर नावच नको. हा गुण काही आठवडेच टिकतो, तेवढ्यात नक्कल करून घ्यायची. अ‍ॅसिटेटची टेप चुकूनही तापवू नये.

पांढरी बुरशी दिसली तर तोंडाला मास्क, स्पूल बंद पिशवीत सिलिका जेलसह काही दिवस, आणि मग हातानं सावकाश गुंडाळत मऊ, बिनरोव्याच्या कापडातून पुसणं. फास्ट फॉरवर्ड करू नये. जुने जोड सुटतात. ते टेप कापायच्या खाचेच्या ब्लॉकमध्ये तिरके कापून जोडपट्टीनंच जोडावेत. स्टेशनरीच्या दुकानातली सेलोटेप लावली तर तिचा डिंक शेजारच्या वेटोळ्यांना लागतो. वाजवून झालं की टेप साध्या वेगानं पुढे जाऊ द्यावी आणि शेवट बाहेर ठेवूनच डब्यात उभी करावी. वेटोळ्यांतून एकमेकांवर उमटणारा फिका प्रतिध्वनी मग आवाजाच्या आधी न येता नंतर येतो, आणि गाण्यात लपतो.

शेवटी, आपल्या पत्रामार्फत संस्थांना एक विनंती. नभोवाणी केंद्रं, महाविद्यालयं, ध्वनिमुद्रण स्टुडिओ, नाट्यसंस्था यांच्याकडची यंत्रं निर्लेखित होऊन लिलावात निघतात तेव्हा यंत्र एका गठ्ठ्यात, माहितीपुस्तिका रद्दीत आणि हेडचा संच 'तांबं-पितळ' म्हणून तिसऱ्याच ठिकाणी जातो. हेड काढलेली ए८० ही निव्वळ अवजड पेटी आहे. यंत्राबरोबर पुस्तिका, जादा कार्डं, चाचणी टेप, साडेदहा इंची स्पूल बसवायचे हब आणि देखभालीची वही, असा एकच गठ्ठा करून विकावा. किंमतही जास्त येईल. आणि कपाटातल्या टेपा 'कोऱ्या' म्हणून त्यात ढकलण्याआधी, त्यांतली प्रत्येक एखाद्या चालू यंत्रावर दोन मिनिटं, रेकॉर्डची बटणं बंद ठेवून, ऐकून घ्यावी.

आपला,
स्पूल यंत्रांची दुरुस्ती करणारा एक वाचक, पुणे